डाव्या कोपऱ्यातली रेघ

तन्मयीने तिच्या संगणकाचा घडीचा पडदा माझ्या ताटलीशेजारी उलगडला तेव्हा मी शेंगा सोलत होते.

"आज्जी, हात पूस आणि हे बघ. माझ्या पहिल्या पंपाची रेघ आहे. सोमवारी पक्की होणार."

मी पदराला हात पुसले आणि चष्मा वर सरकवला. निळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ डावीकडे वरून निघून उजवीकडे खाली उतरत होती. अशा रेघा मी कऱ्हाडच्या पंपाच्या कारखान्यात एकवीस वर्षं काढल्या आहेत. किती पाणी वाहताना पंप ते किती उंच चढवतो याची ती रेघ, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण ती बघता बघता मला काहीतरी वेगळंच वाटायला लागलं. परक्याच्या पत्रात आपलं अक्षर दिसावं तसं. डाव्या टोकापासून थोडं पुढे ती रेघ किंचित सैल पडली होती. पेन कशावरून तरी अलगद उचलून पुढे टेकवावं, तशी.

"ही कुणी काढली?"

"कालिंदीने."

"मी? कधी?"

तन्मयी खो खो हसली. ही माझ्या मुलीची मुलगी. सव्वीस वर्षांची, आणि माझ्याच जुन्या कारखान्यात इंजिनिअर आहे. "तू नाही गं! कालिंदी म्हणजे आमची बदली. सोमवारी तुला सरप्राइज देणार होतो, पण माझ्या पोटात काही राहत नाही."

कारखान्यात बदली म्हणजे काय ते मला माहीत होतं. कायमचा कामगार रजेवर गेला की त्याच्या मशीनवर जो उभा राहतो, तो बदली. तन्मयीची बदली मात्र माणूस नव्हती. तिने मला शेंगांचीच आरास मांडून सगळं समजावलं, ते असं.

पंपाच्या पोटात एक पात्यांची चकती गरगर फिरते. पाणी त्या पात्यांमधून कसं जाईल हे खरोखर काढायचं, तर मोठा संगणक त्या पाण्याचे कोट्यवधी बारीक तुकडे कल्पितो आणि प्रत्येक तुकड्याचं गणित शेजारच्या तुकड्यांशी जुळवत बसतो. पंपाच्या एका आकाराला तीन दिवस लागतात. आकारात कमीजास्त करता येतील अशी अकरा मापं: पात्यांचा कोन, संख्या, रुंदी वगैरे. प्रत्येकाचे पाचच पर्याय धरले तरी जवळजवळ पाच कोटी आकार होतात. त्यात हे मोठे संगणक वीज आणि पाणी इतकं पितात, की पाच वर्षांपूर्वी सरकारने प्रत्येक कंपनीला त्यांचे तास बांधून दिले. वर्षाचा कोटा संपला की संपला.

म्हणून ही बदली. साठच आकारांचं मोठं गणित पूर्ण करायचं आणि ते एका हलक्याफुलक्या यंत्राला दाखवायचं. आकार असा बदलला की उत्तर तसं बदलतं, हे ते यंत्र शिकून घेतं, आणि मग कुठल्याही नव्या आकाराचं उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत देतं. अंदाजच तो, पण शिकलेला अंदाज.

"आणि नुसता अंदाज नाही," तन्मयी म्हणाली. "तिला किती खात्री आहे तेही ती सांगते. रेघेभोवती हा राखाडी पट्टा दिसतो ना? जिथे खात्री कमी तिथे तो जाड होतो. मग आम्ही कोट्यातले तास तिथेच खर्च करतो. ती नेमकं बोट दाखवते, मला इथलं येत नाही म्हणून."

"गुणाची आहे."

"आहेच. आणि तिची सुरुवात कशावर झाली, सांगू? तुमच्या ड्रॉइंग ऑफिसच्या जुन्या शीट्सवर. चारशे अकरा पंपांच्या रेघा स्कॅन करून घातल्या. प्रत्येक शीटवर खाली कोपऱ्यात लिहिलंय, ट्रेस्ड बाय के. उंब्रजकर. म्हणून आमच्या प्रमुख रणदिवे मॅडमनी तिचं नाव ठेवलं कालिंदी. सोमवारी तुझा सत्कार आहे. शाल, श्रीफळ, सगळं."

मी रेघेच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे पट्टा दिसत नाही."

"दिसणारच नाही. केसाएवढा आहे. तिथे कालिंदीला पूर्ण खात्री आहे. म्हणून तर तिथे आम्ही एकही मोठं गणित घातलं नाही. केवढे तास वाचले!"

"छान," मी म्हणाले, आणि पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

एवढंच म्हणाले मी. त्याच वेळी बोलायला हवं होतं.

*

मी एकोणीसशे पंच्याऐंशी साली ट्रेसर म्हणून लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. ड्रॉइंग ऑफिसमध्ये आम्ही सहाजणी. उंच तिरक्या टेबलांवर ट्रेसिंग पेपर ताणून लावायचा आणि खालचं पेन्सिलचं चित्र शाईने वर उतरवायचं. चुकलं तर ब्लेडने शाई खरवडायची, तीही अशी की कागदाला खबर लागता कामा नये. उन्हाळ्यात मनगटाखाली रुमाल ठेवायचो, घामाचा डाग पडू नये म्हणून. पंखा लावायची सोय नव्हती, कागद उडायचे. सगळ्या ऑफिसला शाईचा आणि सहाजणींच्या मोगऱ्याचा मिळून एक वास होता. तो मला अजून कधीकधी उगाचच येतो.

तिथून दोनशे पावलांवर टेस्ट बेड. नवा पंप तिथे हौदावर बसवून चालवायचे. व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला की पाणी वाहत नाही, पंपाचा सगळा जोर दाबात जातो. व्हॉल्व्ह उघडत जावं तसं पाणी वाढतं आणि ते चढण्याची उंची कमी होते. फिटर गुलाब मुजावर दाब मोजणाऱ्या गेजवरचे आकडे वाचायचा आणि आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने ठिपके मांडून माझ्याकडे पाठवायचा. त्या ठिपक्यांतून मी रेघ काढायची. कॅटलॉगमध्ये छापायला फक्त रेघ जायची. ठिपके नाहीत.

माझ्याकडे एक फ्रेंच कर्व्ह होता. वेलांटीसारख्या वळणांची पारदर्शक पट्टी, वाकड्या रेघा काढायची. तिच्या एका वळणावर टवका उडाला होता. तिथे आलं की मी पेन किंचित उचलायची आणि पुढे टेकवायची. कुणाच्या लक्षात येत नसे.

आता डाव्या कोपऱ्याचं. व्हॉल्व्ह जवळजवळ बंद असताना, पाणी अगदी थोडं वाहत असताना, काही पंपांचे ठिपके खाली उतरायच्या ऐवजी आधी थोडे वर चढायचे आणि मग उतरायचे. रेघेला कुबड यायचं. सुरुवातीला एकदा मी ते कुबड आहे तसं काढलं. आमचे मुख्य डिझायनर बिवलकरसाहेब शीट घेऊन स्वतः माझ्या टेबलाशी आले.

"बाई, ही रेघ आजारी दिसते."

"ठिपके तसेच आहेत, साहेब."

"तिथे गेजचा काटा नाचतो, त्याचे ठिपके काय धरायचे? आणि तिथे पंप चालवतो कोण? आपला शेतकरी बटण दाबतो आणि पूर्ण पाणी घेतो. काढा नीट."

त्यांचं अगदी चूक नव्हतं. त्या काळी वीज होती किंवा नव्हती. असली की पंप पूर्ण वेगाने चालायचा. डाव्या कोपऱ्यात कुणी फिरकतच नसे.

मी ब्लेडने कुबड खरवडलं आणि फ्रेंच कर्व्ह लावून गोड रेघ काढली. साहेबांनी ती सगळ्या ऑफिसला दाखवली. "रेघ अशी हवी." पुढे मला कधी सांगावं लागलं नाही. ठिपके कसेही असोत, डाव्या कोपऱ्यात मी तीच वेलांटी लावायची. मला त्या कौतुकाची चटक लागली होती. आणि काटा खरंच बिघडलेला आहे का, हे दोनशे पावलं चालत जाऊन विचारावं असं मला एकवीस वर्षांत एकदाही वाटलं नाही.

*

शनिवारी सकाळी मी गुलाबभाईंकडे गेले. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले, आवाज मात्र टेस्ट बेडवरचाच.

"या, उंब्रजकरबाई! ऐकलं म्हणे, तुमच्या नावाची मशीन केली. आम्ही पन्नास वर्सं ऑइलमधी हात घातला, आमच्या नावाचा नट बी नाही केला कुणी."

"गुलाबभाई, एक विचारायला आलेय. व्हॉल्व्ह बंद असताना काटा नाचायचा. गेज बिघडलेलं होतं का?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "गेज? बाई, गेज मी दर आठवड्याला तपासून घ्यायचो. बिघडलेलं कसं असंल?"

"मग?"

"पंपच नाचायचा. त्याला कळायचं नाही, जास्त पाणी द्यायचं का कमी. हिकडं जायचा, तिकडं जायचा. पाइप धडधड करायचा. मी स्क्रू-ड्रायव्हर पंपाला टेकवून मूठ कानाला लावायचो, आतून असा आवाज यायचा जसं कुणी दार ठोकतंय." त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "कुबड होतं त्याला, एकाच उंचीला पाण्याच्या दोन जागा. मी ठिपक्यांनी दाखवायचो आणि तुम्ही त्याला इस्त्री करायच्या. कॅटलॉग आला की आम्ही हसायचो. म्हणायचो, बाईंनी आज कुणाचं कुबड घालवलं?"

"मला कधी बोलला नाहीत ते!"

"तुम्ही कधी विचारलं?"

त्यांच्या सुनेने मला पोहे खायला लावले. ते मी खाल्ले, पण चव काही कळली नाही.

*

तन्मयीचे पंप पाटणच्या डोंगरातल्या सोळा वाड्यांसाठी होते. खालच्या ओढ्याचं पाणी वर चढवायचं, सगळं उन्हावर. वीज सूर्याची म्हणजे ढग आला की पंप मंदावणार. मंदावला की पाणी अगदी थोडं जाणार. म्हणजे ज्या डाव्या कोपऱ्यात माझ्या काळी कुणी फिरकत नव्हतं, तिथे हे पंप दिवसातून दहादा जाणार होते. आणि टेस्ट बेड आता राहिलेला नाही, त्या जागी कँटीन आहे. पंप कागदावर पक्का झाला की सरळ साच्यात ओतायचा आणि डोंगरावर न्यायचा. तिथे तो नाचायला लागला तर पाइपाचे सांधे उखडणार, आणि बायका पुन्हा हंडे घेऊन ओढ्यावर उतरणार.

बदलीचा यात दोष नव्हता. चारशे अकरा शीट्सवर तिला डाव्या कोपऱ्यात एकच वेलांटी दिसली. कुठलाही पंप घ्या, तिथे रेघ अशीच. मग ती कशाला शंका घेईल? खात्री तिला मी दिली होती.

पण नुसतं मी म्हणून काय उपयोग? ठिपके हवे होते. कच्चे कागद कारखान्याने कधीच रद्दीत काढले.

रद्दी म्हटल्यावर मला आठवलं. ते कागद आम्ही सहाजणींनी वाटून घेतले होते! आलेखाच्या कागदावर दुसुतीच्या भरतकामाची नक्षी फार सुरेख उतरते. एक चौकोन म्हणजे एक टाका. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बदकं, पोपट, गुलाबाच्या परड्या त्याच कागदांच्या मोकळ्या जागेत फुल्याफुल्यांनी काढायचो.

पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढताना कंबर धरली. पण कागद होते. नॅप्थलीनच्या वासात, माझ्या मुलीच्या झबल्यांच्या खाली, एकतीस कागद. एका कोपऱ्यात गुलाब मुजावरचे पेन्सिलीचे ठिपके, तारीख आणि पंपाचा नंबर. दुसऱ्या कोपऱ्यात लाल-निळ्या फुल्यांची बदकं. एक बदक अर्धंच राहिलं होतं. त्या दिवशी सुट्टीची घंटा लवकर झाली असावी.

एकतीसपैकी एकोणीस कागदांवर कुबड होतं. माझ्या चष्म्यालाही दिसेल एवढं.

*

तन्मयी संध्याकाळी आली. मी कागद तिच्यापुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. टवक्यापासून बिवलकरसाहेबांपर्यंत.

तिने एकेक कागद उलटून पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे तू खोटं काढलंस?"

"हो."

"एकवीस वर्षं?"

"हो गं."

"आणि काल तुला रेघ दाखवली तेव्हा तू 'छान' म्हणालीस!"

तिचा चेहरा लाल झाला होता. "आज्जी, मी सगळ्यांना सांगत फिरलेय. माझी आज्जी, माझ्या आज्जीची रेघ. कॉलेजच्या मुलाखतीतसुद्धा हेच सांगितलं होतं. सोमवारी अख्खी कंपनी येणार आहे. आता मी जाऊन सांगू, की सोळा वाड्यांचा पंप चुकलाय, कारण माझ्या आज्जीला सुंदर रेघा आवडायच्या?"

"मी सांगेन."

ती कागद उचलून निघून गेली. चहा तसाच राहिला. दूध तापवलं, विरजण लावलं, ट्रंकेतली झबली पुन्हा घड्या घालून ठेवली.

रविवारी सकाळी ती परत आली. डोळे झोप न झालेले, पण चेहरा कालचा नव्हता. पडदा उलगडून तिने माझ्यापुढे धरला. तिने बदलीतून माझ्या चारशे अकरा रेघांचे डावे कोपरे काढून टाकले होते आणि गुलाबभाईंचे ठिपके घातले होते. उजवीकडची रेघ जवळजवळ तशीच होती. डावीकडे मात्र राखाडी पट्टा अजगरासारखा फुगला होता.

"आता ती म्हणतेय, इथलं मला काही येत नाही," तन्मयी म्हणाली. "आणि बघ, बोट पण दाखवतेय. या तीन जागी मोठं गणित करा म्हणते. तीनच. कोट्यात चार गणितांचे तास उरलेत, पण ते मॅडमनी पुढच्या कामासाठी राखलेत."

"मग मॅडमना विचारावं लागेल."

"हो." ती थांबली. मग माझ्या दुधाच्या पातेल्यात डोकावत म्हणाली, "साय आहे का? साखर घालून दे. काल रात्री जेवले नाही."

*

सत्कार कँटीनमध्येच होता. हौद बुजवला होता त्यावर फरशी, फरशीवर खुर्च्या. गुलाबभाईंना मी हट्टाने बरोबर नेलं होतं. भिंतीवर माझं एक जुनं शीट चौकटीत लावलं होतं, गुळगुळीत, डाग नसलेलं. रणदिवे मॅडमनी शाल पांघरली, नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणाल्या.

मी नारळ तन्मयीकडे दिला आणि तिने परत आणलेला बदकाचा कागद पिशवीतून काढला.

फार काही बोलले नाही. हे खरे ठिपके, आणि भिंतीवर आहे ती माझी रेघ, आणि दोन्ही एकाच पंपाची आहेत, एवढं सांगितलं. ठिपके मांडणारा माणूस पहिल्या रांगेत बसलाय हेही सांगितलं. "तुमच्या कालिंदीला जे चुकीचं येतंय, ते तिला माझ्याकडून आलंय. त्या तीन जागा तेवढ्या तपासून घ्या."

कुणाच्या तरी हातातला चमचा बशीत पडला. तन्मयी उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. हातात नारळ तसाच.

रणदिवे मॅडमनी कागद उजेडात धरला. चांगल्या पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. "उंब्रजकरबाई, हे आम्हाला पंप बसवल्यावर कळलं असतं. सहा महिन्यांनी. सोळा ठिकाणी." मग तन्मयीकडे वळून, "तीन गणितं घाल. आजच. सोळा वाड्यांना मी कळवते, तीन आठवडे उशीर होईल म्हणून."

"आणि मॅडम," मी म्हणाले, "त्या यंत्रावरचं माझं नाव तेवढं काढा."

मॅडम काही म्हणायच्या आतच गुलाबभाई खुर्चीतून गरजले, "नाव राहू द्या की! पण शंका घेनाऱ्याचं नाव बी लावा!"

कँटीन हसलं. थट्टेतलं ते पुढे खरंच रुजलं. रेघ सांगते ती कालिंदी, आणि भोवतीच्या राखाडी पट्ट्याला तिथली मुलं आता गुलाब म्हणतात. "गुलाब जाड झालाय, तास मागा," असं बोलतात म्हणे. भिंतीवरच्या चौकटीत आता अर्ध्या बदकाचा कागद आहे.

तीन गणितं नऊ दिवसांत झाली. कुबड होतं. तन्मयीने पात्यांचा कोन उतरवला, एक पातं कमी केलं आणि दिवसभर बदलीला विचारून विचारून कुबड घालवलं. या वेळी खरोखरीचं, ब्लेडने नाही. शेकड्याला एक भाग पाणी कमी चढेल, म्हणाली. पण पंप शांत राहील.

*

भाद्रपदात तिने आम्हा दोघांना काळगेवाडीला नेलं. सोळातली सगळ्यात उंच वाडी. मुद्दाम ढगाळ दिवस निवडला होता. डोंगरउतारावर सोनकी फुलली होती आणि ढगांच्या सावल्या तिच्यावरून सरकत होत्या. ओढ्याकाठच्या खोलीत पंप चालू होता. उंबऱ्यातून गुलाबभाईंना आत घ्यायला दोघंजण लागले.

ढग आला. पंपाचा सूर खाली गेला. गेजचा काटा हळूहळू उतरायला लागला. एवढ्या वर्षांत या कोपऱ्यात मी पहिल्यांदाच उभी होते. दोनशे पावलं चालून यायला मला बासष्ट वर्षं लागली होती.

गुलाबभाईंनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. टोक पंपाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. तन्मयीने माझा दंड घट्ट धरला होता. बाहेर वरच्या टाकीपाशी कुणी बाई ओरडून दुसरीला सांगत होती, धार बारीक झालीय पण येतीय गं.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

गुलाबभाईंनी डोळे उघडले नाहीत. "काही नाही म्हनत, बाई. गप चाललाय आपला."